ही गाडी पांढरी आहे

पुआ, ५ ऑक्टोबर

॥ नमो बुद्धाय ॥

ती. खामपेंगताईस,
इन्सोमचे दोन्ही हात जोडून सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे. वर्षावास संपत आला. संध्याकाळी विहारात सूत्रं म्हणायला हल्ली मीच पुढे बसतो. बाबांच्या जागेवर बसताना अजून संकोच वाटतो. होड्यांच्या शर्यतीत आपल्या विहाराची होडी हरली. थोडक्यात हरली असं सगळे सांगतात, पण मी काठावरच होतो, बरीच मागे होती.

माझ्या जुन्या मोटरसायकलने अखेर राम म्हटला. संत्र्यांच्या बागेच्या चढावर लाल चिखलात घसरली आणि माझ्या गुडघ्यावरच निजली. दुखणं आता बरं आहे, पण गाडी भंगारात गेली. म्हणून नान शहरात हाँगबाईंच्या दुकानात जाऊन दोन गाड्या पाहून आलो. दोन्ही वापरलेल्या. एक लाल, हलकी, चपळ. बकरीसारखी टणाटणा चढ चढते. दुसरी काळी, लांबलचक, दूरच्या प्रवासाची. म्हशीसारखी शांत आणि म्हशीसारखीच जड. तिची मागची सीट ऐसपैस आहे, पाठ टेकायला उंच गादी आहे. डबलसीट बसणाऱ्याला खुर्चीत बसल्याचं सुख.

बागेसाठी लाल बरी, हे मलाही कळतं. पण काळीवर बसलो आणि मला तुझा स्तूप आठवला. आयुष्यात एकदा तरी आपल्या जन्मवर्षाच्या प्राण्याच्या स्तूपाला जाऊन यावं, म्हणतात ना? बाबांचं वर्ष सशाचं, त्यांचा स्तूप नदी ओलांडली की आला. माझं ड्रॅगनचं, मी चियांग माईला जाऊन आलो. तुझं माकडाचं, आणि तुझा स्तूप थेट मेकाँगकाठी, थाट फनोमला. माकडाला स्वस्थ कुठे बसवतं, म्हणून जाऊन बसलं देशाच्या त्या टोकाला, असं बाबा म्हणायचे. तू बारा वर्षांची झालीस तेव्हा ते तुला घेऊन निघाले होते ना? मी चार वर्षांचा होतो. मला फक्त स्वतःचं रडणं आठवतं.

थंडी सुरू झाली की मी तुला तिथे नेईन म्हणतो. तुझ्या कंबरेला सोसेल अशी सीट काळीचीच आहे. तुझं मत कळव. दुआंगताचा आणि मुलांचा नमस्कार.

लोभ आहेच, तो असाच पाझरत राहो ही विनंती.

तुझा,
इन्सोम

*

दान साय, १४ ऑक्टोबर

चि. इन्सोम यास,
खामपेंगताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. मी फोनचा नाद सोडला ते फार बरं केलं. सून माझ्या कानाशी ओरडायची आणि उत्तर शेजारीण द्यायची. डॉक्टर म्हणतात, उजवा कान पूर्ण गेला, डावा जायच्या तयारीत आहे. तेव्हा तू पत्रच लिही, आणि अक्षर जरा मोठं काढ. तुझी शाळा गावची होती, तरी गुरुजींनी अक्षर गिरवून घेतलं होतं.

लाल घे. यात विचारायचं काय? पन्नाशीला आलास, गुडघा सुजलाय, बागेला चढ आहे, आणि म्हैस विकत घ्यायला निघालास. पडलास तर ती उचलणार कोण? दुआंगता? तिला आधी विचारलंस का?

स्तूपाचं राहू दे. मला बसनेच जायचं असतं तर कधीच जाऊन आले असते; इथून रोज बस सुटते. बाबांबरोबर मोटरसायकलवर जायचं ठरलं होतं, ते राहिलं, एवढंच. आम्ही निघालो तेव्हा तू रडून गाव गोळा केलंस, हे खरं. तिसऱ्या दिवशी परत आलो ते कोबीच्या ट्रकमधून. बाबांच्या गाडीच्या इंजिनाने घाटात दम सोडला होता. बाबा रस्ताभर गप्प होते. पुढच्या वर्षी नक्की, एवढंच म्हणाले. मग पुढची वर्षं कशी गेली ते तुला माहीतच आहे.

मी आता सत्तावन्न वर्षांची बहिरी बाई. माझं ओझं मागे घेऊन कुठे हिंडतोस! सूनबाई बरी आहे. मी रजया शिवते, हात अजून चालतात.

दुआंगताला आणि मुलांना आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
ताई

*

पुआ, २४ ऑक्टोबर

॥ नमो बुद्धाय ॥

ती. ताईस,
इन्सोमचे सा. न. वि. वि.

अक्षर मोठं काढतो आहे.

हाँगबाईंनी दोन्ही गाड्या एकेक दिवस चालवून बघायला दिल्या. आधी काळी. रस्त्यावर अशी चालते की मन आपोआप शांत होतं. भंतेंना दाखवावी म्हणून विहारात नेली. अंगणातल्या वाळूत तिचा स्टँड हळूहळू रुतला आणि आमच्या डोळ्यांदेखत ती आडवी झाली. मी ओढली, हलेना. शेवटी सगळी विहार समिती आली, कुंथत कुंथत उभी केली. भंते म्हणाले, जी पडली तर आपल्याला उचलता येत नाही, तिचा मालक नक्की कोण हे आधी ठरवून घे. सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी लाल. तिच्याबद्दल तक्रार काही नाही. फक्त मागची सीट फळीसारखी, आणि टेकायला काहीच नाही. शिवाय दुआंगताने निराळीच हरकत काढली. माझा जन्म सोमवारचा, सोमवारच्या माणसाला लाल रंग घातक, म्हणून ती दुकानातच अडून बसली. हाँगबाईंनी शांतपणे खणातून एक चिकटपट्टी काढली. तिच्यावर छापलं होतं : ही गाडी पांढरी आहे. म्हणाल्या, मागे लावा की झालं, नानमधल्या निम्म्या लाल गाड्या अशाच पांढऱ्या आहेत. नियतीला वाचता येतं हे कळल्यावर दुआंगताचं समाधान झालं. वर हाँगबाईंचा टोमणा : हलकी घ्याल तर बायको खूश, जड घ्याल तर बहीण खूश, दोघींना खूश ठेवायचं तर पायी जा.

ताई, मी काळीच घेणार. बागेपर्यंत चालत जाईन. बाबांनी दिलेला शब्द त्यांच्यामागे तसाच पडून आहे. मी रोज त्यांच्या जागेवर बसून सूत्रं म्हणतो, तेव्हा तो मला समोर दिसतो. तुझा डावा कानही जायच्या तयारीत आहे म्हणतेस. तिथल्या घंटा तुला ऐकू येतात तोवर जाऊन येऊ. कंबरेचं कारण सांगू नकोस, ती गादी त्यासाठीच आहे. नुसतं हो म्हण. दहा तारखेपर्यंत हाँगबाई थांबतील.

तुझा,
इन्सोम

*

दान साय, २ नोव्हेंबर

चि. इन्सोम यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू ऐकणार नाहीस. बाबांसारखाच. मग मला सगळं लिहावं लागणार.

तुला वाटतं की मी तुझ्या गुडघ्यासाठी लाल घे म्हणाले. तेही आहेच. पण खरं कारण ती पाठ टेकायची गादी. तिच्यावर मी मागे रेलून बसणार आणि तू पुढे लांब. मग बसमध्ये आणि तुझ्या गाडीत फरक काय?

बाबांच्या गाडीला टेकायला काही नव्हतं. मी त्यांना दोन्ही हातांनी धरायचे आणि पाठीला कान लावायचे. वाऱ्यात त्यांचा आवाज ऐकू येत नसे, पाठीतून यायचा. ते गाडी चालवताना 'इतिपि सो भगवा' म्हणत असत, हे तुला कुणी सांगितलंय का? मला सगळी सूत्रं त्यांच्या पाठीतूनच पाठ झाली. आई म्हणायची की पोरीला शिकवलं कुणी? कोबीच्या ट्रकमध्ये बाबा गप्प होते असं मी लिहिलं ना, तेव्हाही मी कान लावून पाहिला होता. आत काहीच चाललेलं नव्हतं. ती शांतता मला अजून आठवते.

आता माणसांचं बोलणं माझ्यापर्यंत फारसं येत नाही. पण परवा नातू रडत होता, त्याला पाठीवर थोपटत होते, तर त्याचं रडणं माझ्या हाताच्या तळव्याला कळलं. तेव्हापासून तुझं पत्र मनात घोळतंय. डोक्यावर हेल्मेट असणार, कान लावता येणार नाही. पण तळवा लावता येईल.

तेव्हा लाल घे, आणि मला न्यायला ये. फळीसारख्या सीटसाठी मी सावरीच्या कापसाची गादी शिवते आहे, कंबरेचं मी बघते. दर तासाला थांबायचं आणि मी चहा पिईपर्यंत घाई करायची नाही. हाँगबाईंची ती पट्टी मात्र लावू नकोस. इथे चांगला छपाईवाला आहे, मी करून घेते आणि माझ्या हाताने लावते. दुआंगताला सांग, मी सगळं बघून करते, काळजी नको.

सावकाश ये. घाटात दम खा, तू आणि गाडी दोघेही.

वाट बघणारी,
ताई

*

पुआ, २६ नोव्हेंबर

॥ नमो बुद्धाय ॥

ती. ताईस,
इन्सोमचे साष्टांग नमस्कार, वि. वि.

काल दुपारी सुखरूप पोचलो. तुझ्या भाजलेल्या केळ्यांतली दोन उरली होती, ती दुआंगताने खाल्ली आणि मला उपाशी ठेवलंस की काय असं वर विचारलं.

स्तूपाला तू तीन प्रदक्षिणा घातल्यास तेव्हा मी मुद्दाम मागे राहिलो होतो. शेवटच्या फेरीत तू कठड्यावर हात ठेवून उभी राहिलीस, बराच वेळ. काय मागितलंस ते मी विचारणार नाही.

वाटेत मी सूत्रं मुद्दाम हळू आवाजात म्हणत होतो. तुला कळतंय की नाही याची मला खात्री नव्हती. साकोन नाखोनच्या अलीकडे समोरून उसाचा ट्रक आला, मी घाबरलो आणि एक ओळ गाळली. तू लगेच पाठीवर थाप मारलीस. ताई, त्यानंतर मला बराच वेळ रस्ता नीट दिसत नव्हता. हेल्मेटच्या काचेवर धूळ होती असं मी तुला चहाच्या टपरीवर सांगितलं, ते काही खरं नव्हतं.

आता एक गंमत. त्याच रस्त्यावर पोलिसाने आपल्याला थांबवलं होतं, आठवतं? तू उतरून पाय मोकळे करत होतीस. तो गाडीच्या मागे गेला, परत आला आणि मला विचारू लागला की वडिलांना विचारून आणली आहेस ना? एकोणपन्नास वर्षांच्या माणसाला! मी गोंधळून सांगितलं की वडील जाऊन खूप वर्षं झाली. त्याचा चेहरा एकदम उतरला. पुन्हा मागे गेला, टाचा जुळवून त्याने गाडीला हात जोडले आणि आपल्याला जायला सांगितलं. ऊन लागलं असेल बिचाऱ्याला, असं मी समजलो. रस्त्यात मागून येणारे लोकही आपल्याकडे बघून हसत होते. मला वाटलं, तुझ्या फुलाफुलांच्या गादीला हसतात.

आज सकाळी गाडी धुवायला काढली. मागच्या पत्र्यावरची तुझी पट्टी आत्तापर्यंत मी वाचलीच नव्हती. पांढरी आहे असंच लिहिलेलं असणार, वाचायचं काय, म्हणून. चिखल पुसला आणि तसाच खाली बसलो. दुआंगता धावत आली, गुडघा पुन्हा गेला की काय म्हणून. मी बोट दाखवलं. तिने मोठ्याने वाचलं :

ही गाडी बाबांची आहे.

सोमवारच्या माणसाला हे चालतं का, असं मी तिला विचारलं. तिने बोटांनी पट्टीचे कोपरे नीट दाबले आणि ती आत गेली.

संध्याकाळी गाडी घेऊनच विहारात गेलो. अंगणातल्या वाळूत उभी केली, पडली नाही.

माझी पाठ आहे तोवर तुझा हात तिच्यावर असू दे, एवढंच मागणं.

तुझा,
इन्सोम