मॅडमनं पाहिलं म्हणे

१० फेब्रुवारी, धडगाव
प्रबंधाचं तिसरं प्रकरण गाइडकडून परत आलं. शेरा एकच: "मांडणी बरी. पण माणसं खरंच विश्वास कशी ठेवतात, ते कुठे दिसतं?"
आता ते कुठून दाखवू? चारशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, चेटकिणींच्या छापील हकिकती. सांगणारा आधी म्हणतो, मी असलं काही मानत नव्हतो. मग चारचौघांत वजन असलेला एक साक्षीदार आणतो. मग एखादा फालतू तपशील, भांड्याचा रंग वगैरे. इतका फालतू, की खोटं सांगायचंच तर हे कोण कशाला सांगेल. एवढ्यावर बायका फासावर गेल्या.
जामली मावशीने आज अंगण सारवलं. घरमालकीण ती, पण माझ्या दोन खोल्यांपुढचंही तीच सारवते. नवरा गेल्यापासून एकटी. मला बेटी म्हणते.
संध्याकाळी शेजारच्या गुलाबभाऊंकडे आकांत. नातू गेला. तान्हं बाळ. आठवडाभर ताप होता म्हणे. दवाखान्यात उशिरा नेलं.

१३ फेब्रु.
गुलाबभाऊंकडे बसून आले. मावशी सोबत नव्हती. "तू जा बेटी, मी नंतर," म्हणाली.
गुलाबभाऊ साधा माणूस. पाड्यात त्यांचा शब्द चालतो. रडत रडत सांगत होते, "मॅडम, मी सातवी शिकलेला. मी असलं मानत नाही. पण बकरी मेली तेव्हा तिच्या तोंडाला हिरवा फेस होता. हिरवा. मग पोरगं."
अंगावर काटा आला. दुःखामुळे नव्हे. ते वाक्य मी आधी वाचलंय म्हणून. जसंच्या तसं.
"कोणाचं नाव घेता का?" मी विचारलं.
"नाव नाही घेत. बडव्याला विचारलंय, भगत आहे तो आमचा. तो दाणे बघून सांगेल."
बोलताना त्यांची नजर आमच्या कुडाकडे.

१६ फेब्रु.
हापशावर मावशी गेली की बायका गप्प होतात. आज मी मागेच होते, पाहिलं. एकीने भरलेला हंडा ओतून दिला आणि पुन्हा भरला. मावशीची सावली पडली म्हणून असेल. मावशी आपला हंडा भरून निघाली. घरी येऊन खूप वेळ ज्वारी निवडत बसली. निवडलेलीच.

१७ फेब्रु.

मराठीचे वळवी सर स्टाफरूममध्ये दार लोटून म्हणाले, "मॅडम, पाड्यात गोष्ट फिरतेय. त्यात तुम्ही आहात."
"मी?"
"कॉलेजच्या मॅडमनं डोळ्यांनी पाहिलं म्हणे. जामलीबाई अंगणात बसून पोराचं नाव घेत होती. दुसऱ्या दिवशी पोरगं आजारी."
मी असं कुणालाच नाही... मग आठवलं. दुकानात झोपेचा विषय निघाला होता. मी म्हटलं, आमच्या मावशीला झोप येत नाही, अंगणात बसते, बोलते एकटीच. गेलेल्या नवऱ्याशी बोलत असेल. हसून म्हटलं होतं. नवरा गळाला, पोर चिकटलं.
त्यांच्या कथेला साक्षीदार हवा होता. शिकलेला, बाहेरचा, ज्याचा काही संबंध नाही असा. मीच.

१९ फेब्रु.
काल दुकानात जाऊन सगळ्यांदेखत सांगितलं: मी असं काही पाहिलेलं नाही. कायदा आहे, असं बोलणं गुन्हा आहे, तेही सांगितलं.
आज वळवी सर: "तुम्ही नाही म्हणालात तेही आता गोष्टीत आहे. मॅडमला तिनं धमकावलं म्हणतात. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता म्हणे."
चेहरा पांढरा होताच. भीतीने. पण त्यांच्या.
दिवेलागणीला पत्र्यावर दगड. दोन की तीन. मावशी चुलीपुढून उठली नाही. फक्त म्हणाली, "माकडं असतील." इथे माकडं नाहीत.

२० फेब्रु.
पोलिसांकडे गेले. साहेब नीट बोलले. तक्रार कोण देणार, विचारलं. मावशीला विचारते म्हटलं.
मावशी: "तक्रार दिली तर मग राहू कुठे? माझं जाळायचं लाकूडही याच जंगलातलं."
शहाद्याहून आईचा फोन. तिच्यापर्यंत कसं पोचलं देव जाणे. "तू घर ये. तुन्हं काय लेनंदेनं शे त्यासमा? नोकरी जाऊ दे चुल्हामा." मग आवाज बारीक करून, "माधुरी, ती बाई खरंच तशी शे का?"
आईसुद्धा. सत्तर किलोमीटरवरून.

२३ फेब्रु.
हे लिहू की नको.
सकाळी मावशीने चहा दिला. ती आत गेल्यावर मी तो मोरीत ओतला. का, माहीत नाही. कपात काही नव्हतं. तिने बाहेर येऊन रिकामा कप पाहिला, "अजून देऊ?" विचारलं.
मधल्या दाराला आतून कडी लावते परवापासून. पाच वर्षं हाच विषय वाचतेय, वाक्य न् वाक्य सोडवून बघते, त्यातली युक्ती दाखवते. आणि चहा ओतते.
तिचे डोळे हल्ली लाल असतात. झोप नाही म्हणून. झोप नाही म्हणूनच.

२५ फेब्रु.
पाड्याचे कारभारी स्वतः आले. म्हातारे, काठी टेकत. सगळ्यांना तू म्हणतात, मलाही. "मॅडम, परवा सकाळी बैठक आहे. गुजरातेतून आमची माणसं आलीत होळीसाठी. तू ये. जे पाहिलं ते सांग."
"नाही आले तर?"
"मग लोक सांगतील तू काय पाहिलं."
बडव्याचे दाणे मावशीच्या घराच्या दिशेला पडले म्हणे.
वळवी सर म्हणतात, पोलीस बाहेर रस्त्यावर थांबतील, मी व्यवस्था करतो. आणि बैठक संपल्यावर? महिन्याने? मावशीला शहाद्याला चल म्हटलं. नाही म्हणाली. "पळाले तर खरं ठरेल ना."

२७ फेब्रु.
संपली बैठक. दुपार आहे. 
मोहाच्या झाडाखाली बसले होते सगळे. तरणी पोरं मागे, सुरतेचे नवे बूट घालून, काहींच्या हातात दांडके. मावशी एकटी समोर, उकिडवी. गुलाबभाऊंनी सांगितलं. पुन्हा हिरवा फेस. पुन्हा सातवी. ते खोटं बोलत नव्हते, हेच सगळ्यात भयंकर. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.
कायद्याचं बोलायचं ठरवून गेले होते. विषाणू, ताप, दवाखाना. तोंड उघडलं आणि बाहेर आलं:
"मीसुद्धा असलं काही मानत नव्हते."
मागची कुजबुज थांबली. तेव्हाच कळलं, ऐकतायत.
मग मी सांगत गेले. जानेवारीत मला ताप होता. गोळ्यांनी उतरेना. मावशीने कपाळावर हात ठेवला. तांब्याच्या लोट्यातलं पाणी, लोट्याला एका बाजूला पोचा होता. सकाळी अंग थंड. वळवी सर बघायला आले होते, विचारा त्यांना.
वळवी सर कधीच आले नव्हते. गर्दीच्या कडेला उभे होते ते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाले, "हो. मी होतो."
"आणि अंगणात बसायची ती. पोराचं नाव घ्यायची, खरंय. मी ऐकलंय. देवाजवळ मागत होती ती त्याला. पोरगं जगू दे म्हणत होती. गुलाबभाऊ, तुमच्या नातवासाठी तुमच्याआधी ती रडली."
गुलाबभाऊ मोडून पडले. डोकं गुडघ्यांत घालून हुंदके. एका पोराने दांडका खाली ठेवला, मी पाहिलं. कारभारी बराच वेळ काठीने माती उकरत राहिले. "होळी होऊ दे," म्हणाले. "मग बघू."
ताप खरा होता. गोळीनेच उतरला होता.
मावशी येताना माझ्या दोन पावलं मागून चालत होती.

१ मार्च
हापशावर मावशीला बायकांनी पुढे जागा दिली. एक तिच्या पाया पडली. मावशी घाबरून मागे सरकली.
कॉलेजात एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, तुमचा टायफॉइड मावशीने बरा केला ना?" टायफॉइड! मी म्हटलं साधा ताप. तर म्हणाली, "हो मॅडम, आधी तुम्हाला साधाच वाटला होता."

५ मार्च
अंगणात माणसं येऊन बसतात. गुडघे, पोट, वांझपण. मावशी म्हणते, मला काही येत नाही रे. ते हसतात. जिला येतं ती बाई असंच म्हणते, हेही त्यांना माहीत.
आज भाकरी थापता थापता विचारलं तिने, "बेटी, त्या दिवशी ताप होता ना तुला?"
"होता."
"मी हात ठेवला होता?"
काय सांगू? तोंडातून "ठेवला होता" गेलं. ती आपला पिठाचा हात उलटासुलटा करून बघत राहिली.
वळवी सर हल्ली स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसत नाहीत. विचारलं तर म्हणाले, "मला आता तो पोचा आलेला लोटा आठवतो, मॅडम. खरंच आठवतो. म्हणून."

९ मार्च
सकाळी गुलाबभाऊ आले. खांद्यावर थोरली नात, जमनी. आठ-नऊ वर्षांची. ताप, डोळे अर्धे मिटलेले, श्वास छातीत वाजतोय. मावशीच्या पायाशी ठेवली तिला.
मी ओरडलेच. "दवाखान्यात न्या! आत्ता! ती काही करू शकत नाही, मी खोटं बोलले होते!"
गुलाबभाऊंनी माझ्याकडे पाहिलं ते कीव केल्यासारखं. "मॅडम, तू घाबरू नको."
मी पुन्हा सांगितलं. लोटा खोटा, वळवी सर खोटे, गोळी खरी. एकेक करून. अंगणातला एकही माणूस हलला नाही. त्यांना पटवायला मला एक वाक्य सापडेना.
मावशी उठली. जमनीच्या कपाळावर हात ठेवला. मी जीव मुठीत धरून बघतेय. आणि ती म्हणाली, "जीप बोलवा. दवाखान्यात मी पण येते. माझा हात तिच्या डोक्यावर राहील."
यावर तयार झाले. लगेच. इथल्या डॉक्टरांनी सुई दिली, नंदुरबारला न्या म्हणाले. घाटातून गेलीय जीप. मावशी मागच्या सीटवर, पोरगी मांडीवर, हात कपाळावर.
ती हे का म्हणाली? पोरीला दवाखान्यात पोचवायला, की तिला आता खरंच... विचारायला वेळ मिळाला नाही. जीपमध्ये चढताना तिचा चेहरा शांत होता. इतका शांत मी तो पाहिलाच नव्हता. त्याचीच भीती वाटतेय.
पोरगी वाचली तर उद्या अंगणात दुप्पट माणसं. नाही वाचली तर हात कोणाचा होता ते सगळ्या पाड्याने पाहिलंय.
घाटात रेंज नाही.
गुलाबभाऊंची बायको कुडापाशी येऊन उभी राहिली. आत येत नाही. "मॅडम, पोरगी वाचेल ना? तू सांग."
म्हटलं, डॉक्टरांना माहीत.
"तू सांग."
उन्हं कलली. अजून तिथेच उभी आहे.