हवेत आवळलेले बोल्ट

१२ मे
लग्नाला चार आठवडे. इमोजेनला क्लाइव्हच्या हिरव्या टू-सीटरमधूनच चर्चला जायचं आहे. बाप नाही, निदान बापाची गाडी तरी. चालवणार मी. मुलीला हात धरून चर्चमध्ये नेणारही मीच. गॅरेजवाला म्हणतो, मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट गंजलेत, बदलल्याशिवाय बाहेर काढू नका. ठीक. चारच तर बोल्ट. मी फिजिक्सची पदवीधर आहे. याच कामाला क्लाइव्ह अख्खा उन्हाळा घ्यायचा, त्यातला निम्मा चहात.

१३ मे
इमोजेन म्हणाली, "आई, भाड्याची एक गाडी सांगून ठेवू का? सहज." सहज म्हणे! नको म्हटलं. आमच्या लग्नात याच गाडीने दगा दिला होता. चर्चमधून निघालो आणि पहिल्याच वळणावर क्लाइव्हने गाडी थांबवली. पेट्रोल भरायला विसरला होता! जेवणाच्या हॉलपर्यंत मी पांढऱ्या बुटांत चालत गेले. आयुष्यभर त्याला ते ऐकवलं. योग्यच केलं.

१८ मे
माल्कम आला. क्लाइव्हचा मित्र, निवृत्त डेंटिस्ट. बोलावलं नव्हतं. बरोबर ओला कुत्रा. बोल्ट गंजून घट्ट बसलेत, पान्याला दाद देत नाहीत. "अगं, आधी भूल दिलीस का?" असं विचारून स्वतःच हसला. लग्नाआधीपासून हाच एक विनोद ऐकते आहे.

२५ मे
जुने बोल्ट करवतीने कापून काढले. नवे बोल्ट, आणि ते ज्यांतून जातात ते नवे रबरी बुश. माल्कम उगाच मध्ये. "हिलरी, आत्ता नुसते हाताने बसव. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवल्यावर. हवेत आवळलेस तर रबर त्याच जागी धरून बसेल, आणि मग पिळवटून फाटेल." पुस्तकातही तसंच आहे म्हणे. पुस्तकं पुरुषांनी लिहिलेली, त्यांना सोपं काम अवघड करायला आवडतं. गाडी स्टँडवर उचललेली आहे, चाकं हवेत, हात नीट पोचतो. ती खाली उतरवून मग तिच्याखाली सरपटत जायचं? चारही कचकचून आवळले.

२६ मे
गाडी खाली उतरवली. मागची बाजू जरा वर राहते. पाण्यात डोकं घातलेलं बदक, इति इमोजेन. रबर नवं आहे. बसेल.

१ जून
बसलं नाही. डिकीत खताची दोन पोती टाकली. बसलं. माल्कम बघतच राहिला. "आणखी एक टाक, म्हणजे टोमॅटो लावता येतील." त्याला बिस्किट दिलं नाही.

५ जून
गावातून एक फेरी मारली. मागून करकर येते. जुन्या गाड्या बोलतातच. पेट्रोल काठोकाठ भरलं. क्लाइव्हने बघायला हवं होतं.

७ जून
लग्नाचा दिवस. चर्चच्या अलीकडच्या खड्ड्यात मागून धाडकन आवाज. गाडी आडवी सरकली आणि कुंपणात घुसली. लागलं कोणालाच नाही. इमोजेन म्हणाली, "आई, माझा झगा धर. मी उतरते." माल्कम त्याच्या गाडीतून मागून येतच होता. मुद्दाम, यात शंका नाही. मुलगी त्याच्या शेजारी पुढे बसली, मी मागे कुत्र्याबरोबर. चर्चमध्ये तिने माझा हात घट्ट धरला होता. माझ्या नखांत अजून ग्रीस होतं.

८ जून
माल्कमने गाडी ओढून आणली. खाली जाऊन बराच वेळ पडून राहिला. बुश चारही फाटलेत. "बोल," म्हटलं, "मी सांगितलं होतं असं म्हणून टाक."

तो म्हणाला, "तुमच्या लग्नात पेट्रोल संपलं नव्हतं, हिलरी. क्लाइव्हनेही हवेतच आवळले होते. मागे आवाज झाला तसं घाबरून त्यानेच इंजिन बंद केलं. मला शपथ घातली होती, हिला सांगू नकोस, जन्मभर ऐकवेल."

मी म्हटलं, जन्मभर ऐकवलंच की.

"हो, पण पेट्रोलवरून. तेवढं त्याला चालत होतं."

बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे ठेवला. किती खोटारडा माणूस क्लाइव्ह! एवढी वर्षं, आणि चेहऱ्यावर काही नाही.

नवे बुश मागवलेत. या वेळी आवळायला माल्कम येईल, त्यालाही काहीतरी काम हवं.

माझी टाकी मात्र भरलेली होती.