दूताचं काम

गुरुजी, गेले काही दिवस आमच्या घरात रोज संध्याकाळी एक राणी मरते. मी देवापाशी दिवा लावत असतो आणि माझी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून इंग्रजीत सांगते, की राणीसाहेबांनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि आता त्या नाहीत. तिच्या हायस्कूलमध्ये नाटक बसतंय. गोष्ट ग्रीकांची, हजारो वर्षांपूर्वीची. पण आमच्या काळातल्या कुणा फ्रेंच लेखकाने ती पुन्हा लिहिली, म्हणून राजा कोट-पँटमध्ये. मुलीला काम मिळालंय दूताचं.

मला ते ऐकवत नाही. तिन्हीसांजेला घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे ज्या गावात ऐकलं ते सोडून वीस वर्षं होतील. इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमधल्या या घराच्या भिंती इतक्या पातळ की खिळा ठोकला तर आरपार जाईल, तरी मला वाटत राहतं की त्याही ऐकतात. "गराजमध्ये जाऊन म्हण," मी तिला सांगितलं. "बाबा, तिथे मी फ्रीझ होईन. इट्स जस्ट अ प्ले." बायको पोळी लाटता लाटता हसली. "म्हणू द्या हो तिला. राणी मरतेय, मी नाही." त्याच आठवड्यात तिच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढून घेतला होता, त्यामुळे ते हसणं मला सोसवलं नाही.

तुम्हीही मला दूत केलं होतंत. शाळेची ओसरी, दोन लुगड्यांचा पडदा. लढाईत मुलगा पडल्याचं मला त्याच्या आईला सांगायचंय, आणि मी धावत येतो आणि वाक्य संपायच्या आत रडतो. तुम्ही तालीम थांबवता, मला तुमच्या खोलीवर नेता, चुलीपुढे बसवता आणि भाकरी थापता थापता म्हणता, "रडायचं काम तिचं. तूच रडलास तर तिनं काय करायचं?" मग कुठल्याशा पुस्तकात वाचलेलं सांगता: ग्रीकांच्या नाटकात मरण आत होई, लोकांपुढे यायचा तो सांगणारा. पुढे युरोपात कुणी ती रीत पाळली, कुणी मोडली, तलवारी उपसून मुडदे थेट रंगमंचावर पाडले. गाणारा मेळा गेला, देव गेले, राजवाड्याच्या जागी दिवाणखाना आला. "पण बातमी आणणारा गेला नाही. आता तो पोस्टमन होऊन येतो, डॉक्टर होऊन येतो."

त्याच उन्हाळ्यात माझे वडील मळ्यातच वारले, आणि बातमी घेऊन तुम्ही आलात. आईला आधी बसायला सांगितलंत, स्वतः समोर बसलात आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलंत, काही न गाळता. तुमचा आवाज एकदाही हलला नाही. हात तेवढे उपरण्याखाली होते.

आज कामावरून येऊन बूट काढतोय तोच फोन वाजला. डॉक्टरांकडची बाई होती. उद्या सकाळी दोघांनीही या, म्हणाली, डॉक्टर दोघांशी बोलतील. काय निघालं ते विचारलं, तर तिचा आवाज एकदम मऊ झाला. काही नसतं, तर तिने फोनवरच सांगितलं असतं. तळघरात कपडे धूत असलेल्या बायकोने खालूनच विचारलं, "कुणाचा हो?" मी म्हणालो, "ऑफिसचा."

तेव्हापासून वरच्या खोलीत येरझाऱ्या घालतोय, मध्येच बसून हे लिहितोय. लिहून झालं की पोथीत ठेवीन. तुम्हाला पाठवायचं तरी कुठे? खाली मुलीची तालीम चालू आहे. तुमचं वाक्य मी तिला परवा सांगितलं होतं. आता ती घाई करत नाही, रडत नाही, छान म्हणते. मला बायकोला सांगायचंय ते मी अजून एकदाही मोठ्याने म्हणून पाहिलेलं नाही. गुरुजी, मळ्यातून आमच्या घरी येताना वाटेत तुम्ही म्हणून पाहिलं होतंत का?

अंधार पडलाय आणि दिवा आज मी लावलेला नाही. दिवा स्वयंपाकघरात आहे, आणि तिथे बायको पुन्हा विचारेल, कुणाचा फोन होता.