न आलेल्याचं पान

अबुधाबी, जानेवारी २००१

प्रिय तन्मय,

हवा अजून सुखद आहे. संध्याकाळी कॉर्निशवर जातो, समुद्राकडे तोंड करून शाळेतल्या कविता म्हणतो. पूर्वी तू कानांवर हात ठेवायचास, "बाबा, नॉट अगेन!" आता कुणी थांबवत नाही, म्हणून मधल्या ओळी विसरायला होतं.

शेजारच्या चिनी लिनने परवा त्यांच्या नववर्षाच्या जेवणाला बोलावलं. त्यांच्याकडे म्हातारी आई पहिला घास घेईपर्यंत कुणी काड्यांना हात लावत नाही, पोरंसुद्धा. मी आपला दिसली त्या रिकाम्या खुर्चीत बसलो. समोर वाडगा मांडलेलाच होता. सगळे माझ्याकडेच बघायला लागले. लिन हळूच म्हणाला, "अंकल, ही माझ्या भावाची जागा. कॅनडात असतो, बरीच वर्षं आला नाही." मी उठायला लागलो, तर त्याच्या आईनं खांदा दाबून मला बसवलं आणि वाडग्यात मासा वाढला. त्या दिवशी न आलेल्याचंही पान मांडतात म्हणे. पलीकडचा वाडगा वारलेल्या वडिलांचा. "तिथं बसला असतात तरी आईनं वाढलं असतं," लिन हसला, "मी मात्र घाबरलो असतो!" मी जेवलो, पण कुणा दूरच्या मुलाचा घास आपण खातोय असं वाटत राहिलं. घरी आलो तरी खांद्यावर तो हात होताच.

तुझी आई गेल्यापासून हे घर तुला सोसवत नाही, हे कळतं मला. फोनवर तू "नेक्स्ट इयर, बाबा" म्हणतोस, मी "इन्शाल्ला" म्हणतो. दुपारी स्वयंपाकघरात तिच्या बांगड्या वाजतात. मी भीत नाही. "चहा टाकतेस का?" एवढंच विचारतो.

काल तिचा वाढदिवस. वरण-भात केला, लिंबाची फोड ठेवली आणि तीन पानं मांडली: माझं, तिचं, तुझं. जेवताना मान वर केली आणि हात तसाच राहिला. दोन्ही भातांवरची वाफ विरली होती. समोरच्या दोन पानांतलं गेलेल्याचं कोणतं आणि न आलेल्याचं कोणतं, क्षणभर मला कळेना. त्या भीतीपोटी हे पत्र लिहितोय, बाळा. जूनमध्ये माझा व्हिसा खलास, मग हे घर दुसऱ्याचं. त्याआधी एकदा ये. तुझ्या पानाशी बस, वरणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुर कर. ती दोन पानं मला वेगळी ओळखता आली पाहिजेत.

तुझं पान न उचलता बसलेला,
तुझाच,
बाबा