आईकडून की बापाकडून

५ ऑक्टोबर १९९८, केंब्रिज
एम्रिसचा पेपर छापून आला. चहाच्या वेळी प्रोफेसर हॅलमबाईंनी सगळ्या लॅबसाठी केक आणला. माझ्या वाढदिवसाला साधी बिस्किटं नव्हती. दोन तुकडे खाल्ले, पण नाराजीने.
एम्रिस माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. सगळ्यांना आवडतो. मला त्याचा अजिबात हेवा वाटत नाही.

७ ऑक्टोबर
वाटतो. पण शास्त्रीय कारणाने. त्याचं म्हणणं असं: बहुतेक जनुकांच्या आईकडची आणि बापाकडची, दोन्ही प्रती काम करतात. आम्ही उंदरांत ज्याचा अभ्यास करतो त्या जनुकाची मेंदूत फक्त बापाकडची बोलते, आईकडची गप्प. बापाकडून बिघडलेली प्रत आली, तर उंदरीण मोठेपणी स्वतःच्या पिल्लांकडे ढुंकून बघत नाही.
मला वाटतं, उलट आहे. का वाटतं ते अजून ठरलेलं नाही.
संकल्प: सिद्ध करायचं, कोणाला न सांगता. एप्रिलमध्ये एडिंबराच्या परिषदेत लॅबमधून एकच जण बोलणार. तो मी.

२३ नोव्हेंबर
पहिली पिल्लं झाली. एका गटाला बिघडलेली प्रत आईकडून, दुसऱ्याला बापाकडून. एम्रिस विचारत होता, काही मदत हवी का? नको म्हटलं. गोड बोलून पोटात शिरतो.

२९ नोव्हेंबर, रविवार
माझ्या बायकोने, ब्रिजेटने, एम्रिसला जेवायला बोलावलं. म्हणे एकटाच असतो बिचारा. बिचाऱ्याने ग्रेव्हीची तारीफ केली. बायको लाजली. बारा वर्षं तीच ग्रेव्ही मी मुकाट्याने खातोय, त्याचं काहीच नाही.

१५ फेब्रुवारी १९९९
जिंकलो. नोव्हेंबरातल्या माद्या आता आया झाल्यात; त्यांची पिल्लं पिंजऱ्यात विखरून ठेवली. एका गटातल्या आयांनी भराभर गोळा करून घरट्यात नेली. दुसऱ्या गटातल्या आया मिशा साफ करत बसल्या. या दुसऱ्या गटाला बिघाड आलाय आईकडून. एम्रिस साफ चुकला.
जिन्यात भेटला. दया आली, खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, क्लाइव्ह, तुला बरं वाटत नाहीये का?

२६ फेब्रुवारी
लॅबच्या मीटिंगमध्ये बोललो. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात: आईकडून.
सगळे स्लाइडकडे बघत राहिले. मला वाटलं, भारावलेत.
हॅलमबाईंनी विचारलं, पिंजऱ्यावर आईबापांची जोडी लिहिलेली असते, त्यात मादी कुठली धरलीस? म्हटलं, उजवीकडची, अर्थात. मी माणसांच्या आजारांवरून इकडे आलो. तिथे वंशावळीत बाप डावीकडे, आई उजवीकडे.
बाई म्हणाल्या, उंदरांत आई आधी लिहितात रे, डावीकडे.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एम्रिस हळूच म्हणाला, पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की तुला. सांगितलं असेल. तो बोलायला लागला की मी खिडकीबाहेर बघतो.
म्हणजे मी आईकडून म्हणालो, ते बापाकडून. म्हणजे एम्रिस बरोबर. आणि तसा पक्का पुरावा जगात आता एकाकडेच आहे, माझ्याकडे.

२ मार्च
एडिंबराला एम्रिस जाणार. आलेख माझे नेणार, सुबक आहेत म्हणे.
चहाला तो सगळ्यांसमोर उठून उभा राहिला. म्हणाला, माझ्या पेपरवर बाहेर कोणाचा विश्वास बसत नव्हता, रात्रंदिवस तीच काळजी होती. क्लाइव्हने पाच महिने मरमर मेहनत करून तो खरा करून दाखवला, आणि मला पत्ताही लागू दिला नाही. असा मित्र मिळायला भाग्य लागतं.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याचे डोळे भरून आले होते. नाटक करतोय का, म्हणून मी अगदी जवळून पाहिलं. करत नव्हता.