आप्पांच्या पुरचुंड्या

१४ सप्टेंबर, रविवार

पुण्याच्या मॅडम आज परत ऑनलाइन. कॉलेजच्या अर्जांचं मार्गदर्शन करतात त्या. माझा अर्ज वाचून म्हणाल्या, "मार्क सगळ्यांनाच असतात, अनुजा. तुझी पॅशन कुठंय?"

 पहिला नंबर सोडून आजवर कशाचा नाद केला नाही. पण हे कॉलेज हजारोंतून मूठभर घेतं, घेतलं तर पूर्ण स्कॉलरशिप. पॅशनशिवाय घेत नाही म्हणे.

मग त्यांनीच विचारलं, "तुमचं गाव इनामगाव ना? तिथं फार जुनं काहीतरी सापडलंय ना?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो मॅडम, मी जुन्या मडक्यांच्या खापऱ्या गोळा करते."

मी करत नाही. आप्पा करतात.

१६ सप्टें.

आप्पांना फोन केला. चुलत आजोबा असले तरी आमच्याच घरात राहतात, सध्या दौंडला आत्याकडे. मोतीबिंदूचं ऑपरेशन. म्हटलं, तुमच्या खापऱ्यांचे फोटो काढू का, कॉलेजला पाठवायचेत. इतके खूश झाले. "काढ की. तुझंच हाय समदं. फकस्त त्या गाठीचं तुला सांगायचं हाय..." केमिस्ट्रीच्या क्लासची बस समोर आलेली. हो आप्पा, हो आप्पा म्हणून ठेवला.

लहानपणी दोनदा गेले असेन त्यांच्यामागं रानात. ऊन लागलं म्हणून परत आले. घरात सगळे त्यांना खापरे आप्पा म्हणून हसतात. मी पण.

२० सप्टें., शनिवार

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली आमच्याच खिळ्याला असते. आत युरियाच्या गोण्या, आणि गोण्यांत पुरचुंड्या. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या, मळक्या, कुणाला एक गाठ, कुणाला चार-पाच. एकशे बारा निघाल्या. फोटोत अगदी भंगार दिसत होतं.

सगळ्या सोडल्या. गाठी इतक्या घट्ट की नखं दुखली. खापऱ्या पावडर लावून ब्रशनं घासल्या. लाल एकीकडं, काळ्या नक्षीच्या एकीकडं, जाड्याभरड्या मागं. पांढऱ्या चादरीवर मांडल्या. काय सुंदर फोटो आला. खरंच सांगते, तेव्हा मला अभिमान वाटला.

चिंध्या बंबात घातल्या. दुपारी केस धुवायला पाणी तापलं त्यावर.

१ ऑक्टो.

निबंध गेला. 'लहानपणापासून', 'माझा संग्रह', 'माझ्या गावातलं छोटं म्युझियम'. आप्पा कुठंच नाहीत. होते, एका वाक्यात होते. मॅडम म्हणाल्या शब्द जास्त होतायत, हे काढलं तरी चालेल. मी काढलं. त्यांनी नव्हतं काढलं.

२ नोव्हें., रविवार

पहिल्या फेरीत निवड! बाबांनी कंपनीत पेढे वाटले. चौकात फ्लेक्स लावायचा म्हणत होते, 'इनामगावची कन्या' वगैरे. कसंबसं थांबवलं. आई म्हणाली, "लाजतीया लेक." लाज वाटत होती हे खरं, पण आईला वाटतंय त्याची नव्हे.

९ नोव्हें.

मुलाखत, ऑनलाइन. तिघं होते. दोघांनी नेहमीचं विचारलं. तिसरे पांढऱ्या दाढीचे सर, ते फोटोच बघत होते. म्हणाले, "ही नक्षीची कुठं मिळाली? नदीकडं की नाल्याकडं? किती खोल?"

मला माहीत नव्हतं. म्हटलं, "नाल्याकडं सर. बरीच खोल." सरांनी लिहून घेतलं. मान हलवली. खूप आनंद झाला त्यांना. डिसेंबरात पुण्याला येणार आहेत, तेव्हा संग्रह बघायला येतील. मी म्हटलं, या ना सर.

ते लिहून घेत होते तेव्हा थांबवायला हवं होतं. 

१२ नोव्हें.

आप्पा आले. काळा चष्मा. चहा पण न घेता मोटारीच्या खोलीत. मी मागोमाग.

बराच वेळ चादरीकडं बघत राहिले. एक खापरी उचलली, अंगठा फिरवला, खाली ठेवली. दुसरी उचलली. "ही कुठली गं?" मला विचारत होते.

मग सांगितलं. गावात पुरातत्त्ववाल्यांचं खोदकाम चालायचं, तिथं मातीच्या पाट्या उचलायला होते, बारा-तेरा वर्षांचे. तिथले सर म्हणायचे, खापरी कुठं गावली, किती खोल गावली, ते महत्त्वाचं. नुसती खापरी म्हणजे खापरी. "मला कुठं लिवता येत व्हतं तवा. म्हनून चिंध्या. हिरवी नाल्याकडली, तांबडी नदीकडली, पिवळी हिरीची. जितकी वीत खोल, तितक्या गाठी." तेव्हापासून नांगरताना, विहीर काढताना, पाइपलाइनचा चर खणताना जे निघालं ते असंच बांधत आले.

"चिंध्या कुठं हायत?"

मी म्हटलं, "उंदरांनी कुरतडल्या, आप्पा. टाकून दिल्या."

का म्हटलं. खरं एका वाक्याचं होतं. मी सोडल्या, मी जाळल्या. एवढंच.

आप्पा म्हणाले, "असूंदी."

१३ नोव्हें.

आप्पांनी शिरूरहून उंदराचा पिंजरा आणला.

१८ नोव्हें.

रोज संध्याकाळी भाकरीचा तुकडा लावतात. रोज सकाळी बघतात. रिकामा. परत शिळा तुकडा काढून ताजा लावतात.  मी ज्युनिअर कॉलेजला निघते तेव्हा ते पिंजरा हातात घेऊन अंगणात उभे असतात. मी बसच्या वेळेआधीच निघायला लागले.

२३ नोव्हें., रविवार

आप्पांनी बोलावलं. "आईचं एखादं जुनं लुगडं बघ. फाडून दे." तीन निघाली, एकच हिरवं. ते खापरी डोळ्याशी धरतात, हुंगतात सुद्धा, आणि आठवलं तर बांधतात. सकाळपासून एकोणीस झाल्या. ह्या हिरीच्या, ही तुझा बाप जन्मला त्या सालची, नाल्याकडली, तीन वीत. मी चिंध्या फाडून देत होते.

एका नक्षीच्या खापरीवर अडले. सरांनी विचारली होती तीच. मला आशा होती, म्हणतील नाल्याकडली. बाजूला ठेवली.

म्हटलं, "अंदाजानं बांधा की आप्पा."

"न्हाई. ठावं न्हाई त्याला गाठ मारू नये."

असं ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

२९ नोव्हें.

सरांची मेल. रविवारी, ७ तारखेला, अकराला येतायत. मॅडम म्हणतात ही शेवटची पायरी समज, आत्मविश्वासानं बोल. बाबांनी रजा टाकली. आई पुरणाचं विचारतेय. एकोणीस पुरचुंड्या आणि त्र्याण्णव सुट्ट्या. आता माझ्या त्या सुंदर फोटोकडं बघवत नाही.

५ डिसें.

आज लवकर उठून आधी मीच गेले खोलीत. पिंजरा रिकामा, भाकरी तशीच. आप्पा मागून आले.

म्हटलं, "आप्पा, उंदीर नव्हता."

"व्हय."

"मीच सोडल्या. बंबात घातल्या. आणि कॉलेजला लिहिलं, हे सगळं माझं आहे म्हणून."

भाकरी काढून कोंबड्यांना टाकली त्यांनी. मग म्हणाले, "चिंध्यांची राख मी आलो त्याच दिशी बघितली. उकिरड्यावर बंबाच्या राखेत हिरवा काठ राहिला व्हता जरासा." तेवीस दिवस. तेवीस दिवस तो माणूस माझ्यासाठी भाकरी लावत होता.

रडले. त्यांनी रडू दिलं. मग एवढंच विचारलं, "त्या सरास्नी कोन सांगनार? तू का मी?"

६ डिसें.

सरांना मेल लिहिली. चार ओळी. संग्रह कुणाचा, गाठी कुणी सोडल्या, नाल्याचं मला माहीत नव्हतं, माफी. पाठवली नाही. मेलमध्ये तोंड दिसत नाही, म्हणून तर सोपी वाटते. समोरच सांगायचं. बाबांना पण सांगितलेलं नाही. पेढे वाटलेत त्यांनी.

७ डिसें., रविवार

साडेदहा. सरांचा फोन, गाडी न्हावऱ्याच्या पुढं आलीय. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून फाट्यावर उभे. चादर मी काढून टाकली. एकोणीस एका बाजूला, बाकीच्या परत गोणीवर.

आप्पा टोपी घालून मोटारीच्या खोलीच्या पायरीवर बसलेत. एका कडेला सरकून बसलेत, दुसऱ्या माणसापुरती जागा ठेवून. वही मिटते. गाडीचा आवाज येतोय.