ऐंशीचा ठोका आणि माझे कान

बाबा,

गेले काही महिने मला माझ्या कानांची भीती वाटते आहे, आणि ही भीती सांगावी असा माणूस शोधायला गेले की तुम्हीच सापडता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण या विषयात आपल्या घरात तुमच्याएवढं जाणकार कोणी नव्हतं. तुम्ही असतात तर मी कडाडून भांडले असते. आता भांडायचं कोणाशी, म्हणून लिहिते आहे.

मी नेमकं काय काम करते हे तुम्हाला पुरतं कधी कळलं नाही. संगीतकार चाल बांधतो, आणि त्या चालीच्या अंगावर कपडे चढवायचं काम माझं. ठोका, बेस, कीबोर्ड, मागचं गुणगुणणं, सगळं. परळला जिथे तुमची गिरणी होती तिथे आता काचेची इमारत आहे आणि तिच्यात आमचा स्टुडिओ आहे, तुम्ही हसाल. हल्ली ज्याला बघावं त्याला ऐंशीच्या दशकातलं गाणं हवं असतं. जुनं नव्हे, कोरं करकरीत नवंच, पण ऐकताना वाटायला हवं की कोणीतरी कॅसेट लावली आहे. मागणारी पोरं तेव्हा जन्मलेलीही नव्हती. त्यांना ती थपडेसारखी टाळी हवी असते, हॉलभर पसरणारा आणि मधेच दार लावून घेतल्यासारखा तुटणारा ड्रम हवा असतो, एकाच सुरावर पळत सुटलेला बेस आणि वरून काकणांसारखा किणकिणणारा कीबोर्ड. यात माझा हात धरणारं कोणी नाही असं लोक म्हणतात. अलीकडे मीही म्हणायला लागले होते.

मला हे कोणी शिकवलं नाही. लालबागच्या मंडपात लाकडी स्टेजच्या कडेला, स्पीकरला पाठ टेकून मी बसलेली आहे आणि तुम्ही ड्रमवर आहात. दिवसभर साचेखात्यात मागांच्या खडखडाटात उभं राहायचं आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवायचं, असे तुमचे दिवस. अंगात चमकीचा शर्ट, केसांना तेल, आणि पाय उघडे. गिटारवाल्यापासून गायिकेपर्यंत सगळे बुटांत, तुम्ही तेवढे अनवाणी. कोणी विचारलं तर म्हणायचात, "स्टेज म्हणजे आमची भाकरी. तिच्यावर चप्पल घालून उभा राहू?" लोक माना डोलवायचे. आई चाळभर सांगायची, आमच्या ह्यांना कलेचा केवढा मान आहे बघा. मीही शाळेत सांगून आले होते.

एकदा आवाज सोसेना म्हणून मी कानांत कापूस घातला. मध्यंतरात तुमचं लक्ष गेलं आणि सगळ्यांच्या देखत तुम्ही डाफरलात. "काय गो, कापूस घालून बसलंस? बाजा वाजवणाऱ्याचा चेडू ना तू? काढ तो आधी." मी काढला, आणि नंतर कधी घातला नाही. पुढे स्टुडिओतसुद्धा सगळ्यांत मोठा आवाज माझ्या खोलीत असायचा, आणि मी तो मिरवायचे. बाबा, त्या कापसाचा राग मला आत्ता, पन्नाशीत आला आहे. तेव्हा अभिमान वाटला होता. डोंबलाचा अभिमान.

मग दादरच्या हॉलमधला तो कार्यक्रम. सिमेंटचं स्टेज, वर जाडजूड गालिचा. त्या गाण्यात एक जागा होती, सगळी वाद्यं एकदम थांबतात, गायिका एकटी एक ओळ म्हणते आणि मग सगळे परत येतात. सगळे थांबले. तुम्ही नाही थांबलात. मान खाली घालून तुम्ही आपले वाजवताय, गायिका तोंडाशी माइक धरून मागे वळून बघते आहे, आणि लोक हसायला लागले आहेत. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी माइक घेतला आणि म्हणाले, "आमच्या ड्रमवाल्याला आज आवरत नाहीये." टाळ्या पडल्या, वेळ निभावली. तुम्ही मान वर केलीत आणि आधी माझ्याकडे बघितलंत, कडेला उभ्या असलेल्या माझ्याकडे. तो चेहरा हल्ली मला आरशात दिसतो.

त्या दिवशी दादरहून परळपर्यंत आपण चालत आलो. हिंदमातापाशी थांबलात आणि म्हणालात, "फळीवर ठोको पायातसून कळता गो. साच्यावर पण तसाच, धागो तुटलो की पायाक कळता. ह्या सिमेंटात काय कळणा नाय." मग म्हणालात, "आईक सांगू नको." मान कसला आणि कला कसली. मागांनी तुमचे कान खाल्ले होते आणि तुम्ही तळव्यांनी ऐकत होतात. साचेखात्यातली सगळीच माणसं थोडीफार बहिरी असायची, ती एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलायची, पण त्यांच्यातला कोणी संध्याकाळी ड्रम वाजवायला बसत नव्हता.

तेव्हा मला आणखी एक गोष्ट उलगडली. रेडिओवर भावगीत लागलं की तुम्ही उठून गॅलरीत जायचात. आई म्हणायची, यांना मेलं गोड काही सोसत नाही. सोसत नव्हतं कुठलं, पोचतच नव्हतं. आणि ती धडधडणारी, टाळ्यांची, डिस्कोच्या दिव्यांची गाणी तुम्हाला वेड लावायची, कारण तेवढीच तुमच्यापर्यंत येत होती. सगळं मोठं, सगळं ठसठशीत. चोरबाजारातून मला छोटा कीबोर्ड आणलात, त्याच्या वरच्या पट्ट्या मुक्या होत्या. मी तक्रार केली तर तुम्ही दाबून बघितल्यात आणि म्हणालात, "वाजतंय की."

गिरणी बंद पडली आणि मग ऑर्केस्ट्राचं बोलावणंही येईना. तुमची शेवटची वर्षं मला आठवायला आवडत नाहीत. गॅलरीत स्टुलावर बसलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले तुम्ही, आणि येणारा-जाणारा काहीही बोलला की हसून "हो हो". जेवलात का, हो हो. तब्येत कशी आहे, हो हो. शेजारच्या काकांनी त्यांची बायको गेल्याचं सांगितलं तेव्हाही तुम्ही हसून हो हो म्हणालात. ते काका पुन्हा आपल्या दारावरून गेले नाहीत. आईने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. मरणाची नाही वाटत बाबा, मला त्या हो हो ची भीती वाटते.

आता माझं ऐका. मध्यंतरी एक नवी गायिका आली होती, गळा चांगला, पोर हुशार. माझा ट्रॅक हेडफोनवर लावला आणि तिने पटकन एक कान मोकळा केला. म्हणाली, "ताई, टाळी टोचतेय. कानात सुई घातल्यासारखं होतंय. थोडी कमी करता?" मी म्हटलं, ऐंशीचं असंच असतं. ती एक कान उघडाच ठेवून गायली. ती गेल्यावर मी पडद्यावर आवाजाचे खांब बघितले. वरच्या सुरांचे खांब छताला टेकले होते. मग माझीच मागची गाणी काढली. प्रत्येक गाणं आधीच्यापेक्षा टोकदार. मी वरचा आवाज वाढवत चालले होते, कारण मला तो कमी वाटत होता. लोकांनी ज्याला माझा हात म्हटलं तो हात होता की माझे जाणारे कान होते? खाण तशी माती म्हणतात. मला ही गाणी आवडतात ती तुमची मुलगी म्हणून, की तेवढीच आता माझ्यापर्यंत येतात म्हणून? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की झोप कसली आणि जेवण कसलं.

नवऱ्याने ढकलून ढकलून परळला कानाच्या दवाखान्यात पाठवलं. काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज येतो, ऐकू आला की दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी मुलगी बसली होती. ती आवाज सोडायची तेव्हा तिचा उजवा खांदा जरासा खाली जायचा. आता सांगा, मी आयुष्यभर काचेपलीकडच्या गाणाऱ्यांचे खांदे बघून ठोका सोडत आले आहे. खांदा हलला की माझं बोट जातं, ते मी थांबवू म्हटलं तरी थांबत नाही. पहिली काही बटणं तशीच गेली, आपसूक. नंतरची तशी गेली नाहीत. नंतर मला कळलं होतं मी काय करते आहे, आणि मी बघत राहिले, दाबत राहिले. मुलगी खूश झाली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या वयाला इतके छान कान कमी बघायला मिळतात."

नवरा म्हणाला, "बघ, उगाच जिवाला घोर लावून घेतलास." येताना पेढे घेऊन आला, साधाभोळा माणूस. मी एक खाल्ला आणि हसले. रिपोर्ट कपाटात ठेवला. आधी नुसता संशय होता, आता वर खोटं आलं, आणि ते खोटं डॉक्टरच्या शिक्क्याचं. कोणी शंका घेतली तर तोंडावर फेकता येईल असं. त्याने तर भीती जास्तच वाढली, कारण आता मला कोणी विचारणार नव्हतं.

मग नवऱ्याला ताप आला. तो बारीक वाजणारा थर्मामीटर त्याच्या काखेत लावून मी पलंगाच्या कडेला बसून होते. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी म्हणाला, "अगं, काढू का?" मी म्हटलं, थांब जरा, वाजू दे. तो म्हणाला, "कधीच वाजला." मी हसून काय म्हणाले माहीत आहे? हो हो. माझ्याच तोंडून ते बाहेर पडलं. त्याने तापातही माझ्याकडे नीट बघितलं. त्याला सगळं सांगायला मला पुढचा सगळा दिवस लागला. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "परत जा. मी येतो बरोबर."

काल गेलो. तो बाहेर बाकावर बसला. तीच मुलगी होती. मी तिला म्हटलं, मागच्या वेळी मी तुझ्या खांद्याकडे बघून फसवलं, आज माझी खुर्ची फिरव. ती जराशी वरमली, पण खुर्ची फिरवली. आता समोर नुसती भोकाभोकांची भिंत. सुरुवातीचे आवाज आले, स्वच्छ आले, मी दाबत गेले, जिवात जीव आला. मग आवाज थांबले. मला वाटलं तिला कोणीतरी बोलावलं असेल, किंवा यंत्रात काही लावत असेल. मी शांतपणे वाट बघत बसले. बोट बटणावर तयार ठेवलं. बऱ्याच वेळाने पुन्हा आवाज आले, आता खालचे, जाडे, आणि मी पुन्हा दाबायला लागले. दुसऱ्या कानालाही तसंच झालं. तिने दार उघडलं तेव्हा मी सहज विचारलं, मधे कुठे गेली होतीस का ग? ती म्हणाली, "नाही मॅडम, मी थांबलेच नव्हते."

यंत्र लावायचं म्हणतात. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं. नवऱ्याला सगळं सांगून झालं, गायिकेला फोन करून टाळी कमी केल्याचंही सांगितलं. हे पत्र टाकायला पेटी नाही, तुमच्याकडे येणारा पोस्टमन नाही, तेव्हा इथेच पडून राहील. पण मधे कुठे गेली होतीस असं मी त्या मुलीला विचारलं, तेवढं मात्र मी घरी सांगितलेलं नाही.